एका ठिपक्याचा वाद

चीनमध्ये घरातला कर्ता माणूस वारला की त्याच्या नावाची एक लाकडी पाटी करीत. उभी, अरुंद, खाली बैठक असलेली. तिच्यावर मृताचे नाव, त्याचा हुद्दा आणि शेवटी दोन अक्षरे असत: 'शेन' आणि 'चू'. शेन म्हणजे आत्मा, चू म्हणजे धनी. यातले दुसरे अक्षर अनेक ठिकाणी मुद्दाम अपुरे ठेवत. चूच्या डोक्यावर एक ठिपका असतो. तो दिला नाही तर अक्षर 'वांग', म्हणजे राजा, असे वाचले जाते. दफनाच्या वेळी पंचक्रोशीतला एखादा मानाचा पंडित येई, लाल रंगात कुंचला बुडवी आणि तेवढा ठिपका देई. पाटी पुरी झाली. मग ती वाजतगाजत घरी आणून आधीच्या पिढ्यांच्या ओळीत बसवायची. सणावाराला तिच्यापुढे धूप जाळायचा, भात, मांस, मद्य मांडायचे आणि गुडघे टेकून कपाळ भुईला लावायचे.

त्या ठिपक्याने नेमके काय झाले? बापाचा आत्मा लाकडात उतरला, की मुलाच्या आठवणीला टेकायला जागा झाली? पहिले खरे असेल तर ही पूजा, आणि कॅथलिक माणसाला ती वर्ज्य. दुसरे खरे असेल तर हा आदर, आणि त्याला कुणाचीच हरकत नसावी. या एका प्रश्नावर कॅथलिक चर्च सतराव्या शतकाच्या मध्यापासून 1742 पर्यंत आपसात भांडले. अनेक पोप, दोन राजदूत आणि एक बलाढ्य सम्राट त्यात ओढले गेले, आणि ज्यांच्या घरात त्या पाट्या होत्या ते चिनी ख्रिस्ती त्यात भरडले गेले. कोण बरोबर होते, हे आजही हातघाईवर न येता तपासून पाहण्याजोगे आहे, कारण दोन्ही बाजूंकडे खऱ्याचा मोठा वाटा होता.

या कथेची पहिली पावले गोव्यात पडली. मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट 1578 च्या सप्टेंबरात गोव्याला उतरला. पुढच्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तिथे आला. जेझुइट या एकाच कॅथलिक संघाची ही दोन माणसे. स्टीफन्स गोव्यातच राहिला, मराठी शिकला आणि 1616 मध्ये राशोलला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले; त्यात ख्रिस्ती स्वर्गाला त्याने बेधडक वैकुंठ म्हटले. रिची 1582 मध्ये मकावला निघून गेला. पण जाण्यापूर्वी, 1581 मध्ये, त्याने गोव्याहून संघाच्या प्रमुखाला पत्र लिहून एक तक्रार मांडली होती: इथल्या देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वरच्या वर्गांपासून दूर ठेवले जाते, हे बरोबर नाही. एकोणतीस वर्षांच्या मुलाने हे लिहावे यात मला त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याची किल्ली दिसते. समोरच्याची बुद्धी आपल्याइतकीच आहे, हे त्याने आधी गृहीत धरले.

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यात मिशनरी बोलत तेव्हा त्यांच्या मागे राज्यकर्त्याची तलवार होती, आणि 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालयही होते. पुढे 1736 मध्ये त्याच इन्क्विझिशनने धोतर, चोळी आणि अंगणातली तुळस यांनाही बंदी घातली. चीनमध्ये असे बळ कुणाकडेच नव्हते. मिंग दरबाराने मनात आणले असते तर दोन दिवसांत मिशनऱ्यांना बोटीत बसवून परत पाठवले असते. तेव्हा चीनमध्ये रिचीचे नमते घेणे हा उदारपणा किती आणि निरुपाय किती, हे वेगळे करता येत नाही. मला वाटते, करण्याची गरजही नाही. बळ नसलेला माणूस पुष्कळदा जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकले की काहीतरी कळते.

रिची आणि त्याचा सहकारी रुज्जेरी 1583 मध्ये चाओचिंगला पोहोचले ते डोके भादरून, बौद्ध भिक्षूंच्या वेषात. चीनमध्ये धर्माची माणसे अशीच असतात, असा त्यांचा समज. काही वर्षांत कळले की पंडितवर्ग भिक्षूंना फारसे मानत नाही. 1595 मध्ये रिचीने दाढी वाढवली, पंडिताचा रेशमी झगा चढवला आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतले 'चार ग्रंथ' घोकले. 1601 मध्ये तो बीजिंगला स्थिरावला. 1603 मध्ये त्याचे चिनी पुस्तक 'तिएनचू शी-यी' आले, देवाचा खरा अर्थ सांगणारे. 'तिएनचू', आकाशाचा धनी, हा ख्रिस्ती देवासाठी वापरलेला शब्द. यातला 'चू' आणि त्या लाकडी पाटीवरचा 'चू' एकच अक्षर आहे.

रिचीचे म्हणणे असे होते: तुमच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत 'शांगती' म्हणजे सर्वोच्च प्रभू येतो, तोच आमचा देव. सोंग काळातल्या चू शी वगैरे भाष्यकारांनी 'ली', म्हणजे विश्वाचे तत्त्व, असा कोरडा शब्द पुढे करून त्याला झाकून टाकले. आम्ही नवे काही आणलेले नाही, तुमचेच जुने परत देतो आहोत.

हा आदर होता की दुसऱ्याच्या घरात शिरून घरमालकाला त्याच्याच खापरपणजोबांचे मन समजावून सांगणे? दोन्ही होते. आपल्या ग्रंथांचे आपणच लावलेले अर्थ चुकीचे, असे परक्याकडून ऐकणे कुणालाही बोचेल, आणि अनेक पंडितांना ते बोचलेही. पण चिनी विद्वत्तेत जुन्या पोथीचा आधार घेऊन नव्या भाष्याला आव्हान देणे हा मान्य मार्ग होता. त्या मार्गाने कोणी बोलू लागला की त्याला उत्तर द्यावे लागे, हाकलून देता येत नसे. रिचीने निदान वादाची भाषा यजमानाची वापरली.

तिचा परिणाम झाला. शू ग्वांगची हा शांघायचा पंडित 1603 मध्ये नानजिंगला ख्रिस्ती झाला. रिचीसोबत बसून त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले, ते 1607 मध्ये छापले गेले. त्याच वर्षी त्याचे वडील वारले. हा नवख्रिस्ती माणूस राजधानी सोडून कन्फ्यूशियन रिवाजाप्रमाणे सुतक पाळायला गावी गेला. त्याला यात विसंगती वाटली नाही. नवा धर्म कन्फ्यूशियसच्या शिकवणीत राहून गेलेले भरून काढील आणि बौद्ध मताची जागा घेईल, असे त्याचे मत होते. शू, ली चिचाओ आणि यांग तिंगयुन या तिघांना चिनी कॅथलिक आजही आपल्या चर्चचे तीन खांब मानतात.

पण सगळ्यांना हे इतके सोपे गेले नाही. वांग चंग या अधिकाऱ्याची हकिगत मी कधी विसरू शकत नाही. तोही ख्रिस्ती, 1627 मध्ये योहान श्रेक या जेझुइटाबरोबर त्याने पाश्चात्त्य यंत्रांवर चित्रांसह पुस्तक काढले. त्याचे मुलगे जगले नाहीत. वंश बुडणे हा पूर्वजांविरुद्धचा सर्वांत मोठा अपराध; घरच्यांनी गळ घातली आणि त्याने गुपचूप दुसरी बाई घरात आणली. ख्रिस्ती नियमात ही उपस्त्री बसत नव्हती, आणि तिला दूर केल्याशिवाय क्षमा नाही, असे पाद्र्यांनी सांगितले. 1636 मध्ये त्याने आपल्या या पापाची जाहीर कबुली छापली.  मग 1643 मध्ये शिआन बंडखोरांच्या हाती गेले, मिंग घराणे कोसळायला आले, नव्या सत्तेने चाकरीचा सांगावा धाडला. 1644 मध्ये वांग चंगने अन्न सोडले आणि प्राण दिला. राजनिष्ठ पंडिताने जे करावे ते त्याने केले. ख्रिस्ती धर्माने ज्याला मनाई केली आहे तेही केले. बाईच्या बाबतीत तो चर्चपुढे झुकला, मरणाच्या बाबतीत राजनिष्ठेपुढे. दोन परंपरांचा 'मिलाफ' म्हणून जे लिहिले जाते, ते एका माणसाच्या अंगावर असे उमटते. त्या उपस्त्रीच्या वाटेला काय आले असेल याची दखल दोन्ही परंपरांच्या पोथ्यांनी फारशी घेतलेली नाही.

विरोधी बाजूकडे वळू. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांचे पाद्री 1630 च्या दशकात मनिलाहून फूच्येन प्रांतात आले. त्यांना नंतर हटवादी ठरवले गेले, आणि जेझुइटांच्या लेखणीने त्याला बराच हातभार लावला. पण ते राहिले फूआनसारख्या गावांत, साध्या माणसांत. दरबारातला पंडित म्हणे, पाटी म्हणजे नुसती आठवण. गावातला शेतकरी पाटीपुढे अन्न ठेवून आजारी मुलाला बरे कर म्हणे, पीक दे म्हणे, मुलाला परीक्षेत पास कर म्हणे. डोळ्यांनी हे पाहिलेल्या माणसाने 'ही पूजा नव्हे' असे कसे लिहावे? आंतोनियो काबायेरो या फ्रान्सिस्कनाची गोष्ट प्रसिद्ध आहे: चिनी शिकताना त्याने 'ची' या अक्षराचा अर्थ विचारला, तेव्हा शिक्षकाने सांगितले, तुमची मिस्सा असते ना, तसे काहीतरी. पूर्वजांना अर्पण करण्याचा शब्द तोच. यज्ञ आणि आदर यांना भाषेनेच एका दावणीला बांधले असेल तर पाद्र्याची शंका खोटी म्हणता येत नाही.

शिवाय जेझुइटांमध्येही एकमत नव्हते. रिचीच्या जागी आलेला लाँगोबार्दो 'शांगती' हा शब्दच नको म्हणत होता.

हुआन बाउतिस्ता मोरालेस या डॉमिनिकनाने रोमला प्रश्न नेले आणि 1645 मध्ये त्या रीतींवर बंदी आली. जेझुइटांनी मार्तीनो मार्तिनीला पाठवून आपली बाजू मांडली आणि 1656 मध्ये परवानगी आली. गंमत अशी नव्हे की रोमने मत बदलले. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींचे वर्णन केले होते आणि प्रत्येक वर्णनाला न्याय्य उत्तर मिळाले. 1669 मध्ये पुन्हा विचारणा झाली, तेव्हा रोमने सांगितले की दोन्ही निर्णय लागू आहेत, परिस्थिती पाहून ज्याचा त्याने ठरवावे. माझ्या मते या सगळ्या शतकात रोमकडून आलेले सर्वांत शहाणे उत्तर हेच. ते टाळाटाळीसारखे दिसते खरे. पण एकच नमस्कार एका घरात आठवण आणि शेजारच्या घरात नवस असू शकतो, एकाच माणसाच्या मनात सकाळी एक आणि मूल आजारी पडले त्या रात्री दुसरे असू शकतो, हे मान्य करणारा निर्णय यापेक्षा वेगळा कसा असेल?

कन्फ्यूशियन टीकाकारांनाही इथे बोलू दिले पाहिजे. यांग ग्वांगश्येन या पंडिताच्या तक्रारीवरून 1664 मध्ये आदाम शाल या जेझुइट ज्योतिषतज्ज्ञावर खटला चालला. शाल वाचला, पण 1665 मध्ये पाच चिनी ख्रिस्ती ज्योतिषाधिकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. ते रक्त कोणत्याही युक्तिवादाने धुऊन निघत नाही. पण टीकाकारांचा मूळ आक्षेप विचारी होता. बाप आणि राजा यांच्याही वर एक मोठा बाप, मोठा राजा मानला, तर घर आणि राज्य ज्या खांबांवर उभे आहे ते हलणार नाहीत का? बाप्तिस्मा न घेता मेलेले आमचे आजोबा कुठे आहेत, आणि कन्फ्यूशियस कुठे आहे? या प्रश्नांना मवाळ उत्तर देता येई, पण खरे उत्तर त्या काळच्या कॅथलिक शिकवणीत कठोर होते. शिवाय मनिलात स्पॅनिश सत्तेखाली 1603 मध्ये हजारो चिनी मारले गेले होते. फूच्येनच्या लोकांना पाद्र्यांमागची तलवार अगदीच अनोळखी नव्हती.

यानंतर प्रश्न घरातून दरबारात गेला आणि तिथेच त्याचे वाटोळे झाले. कांग्शी सम्राटाने 1692 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. दुसऱ्याच वर्षी फूच्येनमध्ये शार्ल मेग्रो या फ्रेंच धर्माधिकाऱ्याने 'तिएन' आणि 'शांगती' हे शब्द देवासाठी वापरायला बंदी केली, पूर्वजांचे विधी निषिद्ध ठरवले आणि चर्चमधल्या 'आकाशाचा आदर करा' या पाट्या उतरवायला लावल्या. त्या पाट्यांवरचे शब्द खुद्द कांग्शीने जेझुइटांना लिहून दिलेले. 1700 मध्ये बीजिंगच्या जेझुइटांनी सम्राटालाच साक्ष मागितली. त्याने मान्य केले: कन्फ्यूशियसपुढे वाकायचे ते गुरू म्हणून, त्याच्याकडे पद किंवा बुद्धी मागायला नव्हे, पूर्वजांपुढे वाकायचे ते प्रेमाने, पाटीत त्यांचा आत्मा असतो म्हणून नव्हे.

जेझुइटांची ही मोठी चूक होती, असे मला वाटते. सम्राटाला चिनी रिवाज कळत नव्हते असे नाही. तो चांगला अभ्यासू होता. पण तो मिंगांनंतर आलेल्या मांचू घराण्यातला होता, हान प्रजेवर राज्य करत होता, आणि कन्फ्यूशियन विधींचा सांभाळ हाच त्याच्या गादीचा आधार होता. 1670 च्या त्याच्या सोळा वचनांच्या राजाज्ञेत पहिले वचन पितृभक्तीचे आहे आणि सातवे पाखंड दूर करण्याचे. असा माणूस विधींविषयी बोलतो तेव्हा ती साक्षही असते आणि हुकूमही. रोमच्या कार्डिनलांनी ती बाजूला सारली, याचे मला नवल वाटत नाही.

रोमची चूक याहून मोठी. चारशेहून अधिक चिनी ख्रिस्ती माणसांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सह्यांनिशी पत्रे पाठवून सांगितले की आम्ही पाटीपुढे वाकतो तेव्हा मनात काय असते. फूच्येनच्या यान मोने जुने ग्रंथ धुंडाळून पूर्वजविधींवर प्रबंध लिहिले. लुओ वेनचाओ हा पहिला चिनी बिशप तर स्वतः डॉमिनिकन होता, आणि तरी या बाबतीत त्याचा कल जेझुइटांकडे होता. ही पत्रे जेझुइटांनी गोळा केली, म्हणून ती संशयास्पद ठरली. संशय अगदी निराधार नव्हता. पण मग दुसऱ्या कुणी का विचारले नाही? त्या लोकांना स्वतंत्रपणे विचारायला एकही माणूस गावोगाव फिरवला गेला नाही. विधी करणाऱ्याचे मन हाच जर वादाचा विषय, तर करणाऱ्याची साक्ष सर्वांत आधी यायला हवी होती. ती सर्वांत शेवटी आली आणि दप्तरात पडली.

पोप क्लेमेंट अकराव्याने 1704 मध्ये बंदीचा निर्णय दिला. पोपचा दूत तूर्नों 1705 च्या अखेरीस बीजिंगला आला. 1706 मध्ये कांग्शीने मेग्रोला रेहेच्या उन्हाळी निवासात बोलावले आणि सिंहासनामागची चार अक्षरे वाचायला सांगितली. वीसेक वर्षे चीनमध्ये काढलेल्या मेग्रोला एकच ओळखता आले, आणि दरबारी बोलीत संवाद करायला दुभाषा लागला. एवढ्यावरून माणसाचे ज्ञान ठरवणे थोडे अन्यायाचेच. तो फूच्येनच्या बोलीत वावरला होता. पण साऱ्या चिनी ख्रिस्ती समाजाने कुठले शब्द उच्चारावेत हे त्याने ठरवले होते, आणि त्या अधिकाराचे वजन चार अक्षरांपेक्षा बरेच जास्त आहे. कांग्शीने फर्मान काढले: रिचीच्या रिवाजाने चालण्याचे मान्य करून परवाना घ्या, नाहीतर चालते व्हा. तूर्नोंने 1707 मध्ये नानजिंगहून उलट हुकूम सोडला आणि 1710 मध्ये मकावात नजरकैदेत मेला.

1715 ला पोपने बंदी आणखी कडक केली. दुसरा दूत मेझ्झाबार्बा याने 1721 मध्ये आठ सवलती देऊन काही वाचवता येते का ते पाहिले: पाटीवर फक्त नाव असेल, आत्म्याचा उल्लेख नसेल, तर ती चालेल, अशा पाटीपुढे वाकता येईल. म्हणजे 'शेन' आणि 'चू' दोन्ही गेले, ठिपका द्यायला अक्षरच उरले नाही. पण बाप राहिला. एखाद्या फूआनच्या घराला एवढेही जगायला पुरले असते. कांग्शीने मात्र पोपचा हुकूम वाचून धर्मप्रसारावरच बंदी घालायचे ठरवले, त्याच्या मुलाने, योंगचंगने, 1724 मध्ये ती अमलात आणली, आणि 1742 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदाव्याने त्या आठ सवलतीही रद्द करून प्रत्येक मिशनऱ्याला शपथेने बांधले. सरकारी परीक्षा पास झालेल्याला कन्फ्यूशियसच्या मंदिरात वाकावेच लागे. त्यामुळे शू ग्वांगचीसारखा माणूस पुन्हा चर्चमध्ये उभा राहणे अशक्य झाले. राहिले ते गावातले गरीब ख्रिस्ती, ज्यांना भाऊबंद 'बापाला विसरलेले' म्हणू लागले.

ही बंदी 1939 च्या डिसेंबरात उठली. रोमने म्हटले, काळ बदलला, या रीतींचा अर्थ आता नागरी आहे. जुन्या निर्णयात चूक होती की नाही, हे त्यात आले नाही. आणि एक गोष्ट मला अस्वस्थ करते. असेच उत्तर 1936 मध्ये जपानी कॅथलिकांसाठी दिले गेले होते: शिंतो देवळांपुढचे वंदन ही देशभक्तीची खूण, धर्म नव्हे, असे सरकार म्हणते, म्हणून चालेल. त्याआधी 1932 मध्ये तोक्योच्या सोफिया विद्यापीठातल्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवळापुढे वंदन करायला नकार दिला होता, आणि लष्कराने विद्यापीठाला धारेवर धरले होते. ती मुले चुकीची होती असे मला म्हणवत नाही. 'हे नुसते नागरी आहे' असे राज्यसत्ता सांगते तेव्हा मेग्रोची शंका जिवंत असलेली बरी. जेझुइटांची बाजू मला जवळची वाटते, पण ती कांग्शीच्या मोहरेमुळे नव्हे. ती वाटते ती यान मोच्या प्रबंधांमुळे आणि त्या चारशे सह्यांमुळे.

तैवानमधल्या कॅथलिक चर्चमध्ये आता चांद्र नववर्षाला मिस्सा झाल्यावर वेदीजवळ पूर्वजांची पाटी मांडतात. पुरोहित तिच्यापुढे धूप लावतो, फुले, फळे, मद्य अर्पण करतो, आणि सगळे उभे राहून तीनदा वाकतात. पाटीत कोण आहे, हे त्यांना कुणी विचारत नाही.